महिन्याचं नको, वर्षाचं बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. उत्पन्न आता ठरावीक झालंय, ते वाढायची चिन्हं नाहीत आणि वर्षभर घर त्यातच चालवायचं आहे, हे तू अगदी सरळ लिहिलंस. मीही सरळच उत्तर देतो. आमचं घर बरीच वर्षं असंच चाललंय आणि म्हणूनच तू मला विचारलंस, हे मला कळतं. नुसता धीर देऊन तुझं काही भागणार नाही, तेव्हा आम्हाला जे खरोखर उपयोगी पडलं तेच लिहितो.

सगळ्यात आधी एक सांगतो. हिशोब महिन्याचा मांडू नकोस, वर्षाचा मांड. तू पत्रासोबत महिन्याच्या खर्चाची यादी पाठवली आहेस: भाडं, किराणा, वीज, फोन, प्रवास, औषधं. यादी प्रामाणिक आहे आणि तिच्याप्रमाणे महिनाअखेरीला तुमच्या हातात थोडे पैसे उरायला हवेत. ते उरत नाहीत, म्हणून तू आणि वहिनी रोजच्या किरकोळ खर्चात गळती शोधत बसला आहात. मला नाही वाटत ती तिथे सापडेल. त्या यादीत विम्याचा वार्षिक हप्ता कुठे आहे? मुलांची वर्षाच्या सुरुवातीची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश? गाडीचं सर्व्हिसिंग, चष्म्याचा बदललेला नंबर, दातांचा डॉक्टर, नात्यातली कार्यं, झिजलेल्या चपला, बिघडलेला मिक्सर? यातलं काहीच दर महिन्याला येत नाही, म्हणून महिन्याच्या यादीत त्याला जागा मिळत नाही. पण दर वर्षी ते येतंच. आलं की आपण त्याला 'अचानक आलेला खर्च' म्हणतो आणि कार्ड पुढे करतो किंवा कुणाकडून तरी उसने घेतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते अंथरूण मोजायचं कसं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. तुझ्यासारख्या घरात ते बारा महिन्यांचंच असतं. एका महिन्याकडे बघून त्याची लांबी कळत नाही.

एका सुट्टीच्या दिवशी दोघं बसा. गेल्या वर्षाचं बँकेचं खातेउतारा-पत्रक समोर घ्या आणि एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखा. दर महिन्याला येणारे खर्च बाजूला ठेवा आणि आधी हे वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च ज्या त्या महिन्यात लिहा. आठवत नसेल तर मोबाईलमधले जुने मेसेज आणि फोटो चाळा. कुठल्या महिन्यात कुठे गेलो होतो, काय बिघडलं होतं, कोण आजारी होतं, हे त्यातून बरोबर निघतं. यादी झाली की तिची बेरीज करून बाराने भाग. तेवढी रक्कम पगार आल्या दिवशी, बाकी काहीही खर्च करण्याआधी, वेगळ्या खात्यात टाकायची. त्या खात्याचं कार्ड काढूच नकोस.

समज, वर्षाचं उत्पन्न 100 आहे. दर महिन्याच्या बांधील खर्चांत वर्षभरात 64 जातात आणि या वार्षिक यादीची बेरीज 24 भरते. मग वर्षभर मोकळेपणाने खर्च करायला 36 नाहीत, 12 च आहेत. ही वजाबाकी पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो. पण तो आकडा तेव्हाच कळलेला बरा. वर्षाच्या मध्यावर फीची तारीख समोर उभी राहिल्यावर कळून काही करता येत नाही.

पहिल्या वर्षी मात्र 'बाराने भाग' हे गणित चालत नाही, आणि इथेच बरेच जण कंटाळून सोडून देतात. विम्याचा हप्ता चार महिन्यांवर आला असेल तर तो चारानेच भागावा लागतो. त्यामुळे पहिलं वर्ष सगळ्यात ओढाताणीचं जातं. त्या वर्षापुरतं काहीतरी पुढे ढकला: एखादा प्रवास, फर्निचर, नवा फोन. विमा कंपन्या पुष्कळदा तिमाही किंवा मासिक हप्त्याची सोय देतात, पण त्यात थोडं जास्त पडतं. तेवढं एक वर्ष ते सोसावं. दुसऱ्या वर्षी तेच खातं आपलं आपण भरलेलं असतं आणि फीची तारीख नुसती एक तारीख होऊन जाते. तो हलकेपणा मी अनुभवलाय. तुला तो लवकर मिळावा असं मनापासून वाटतं.

आता क्रेडिट कार्डाचं. तू शेवटी घाईघाईने लिहिलंस की कार्डावर थोडी बाकी आहे आणि दरमहा 'किमान रक्कम' भरतो. ती बाकी आधी संपव, बाकी सगळी काटकसर त्यानंतर. एक सोपं गणित आहे: 72 ला व्याजदराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते साधारण कळतं. महिना 3 टक्के, म्हणजे वर्षाला 36 टक्के दर असेल, तर हात न लावलेली बाकी दोन वर्षांत दुप्पट होते. किमान रक्कम भरल्याने हप्ता चुकवल्याचा ठपका टळतो, पण त्यातला मोठा भाग व्याजातच जातो आणि मुद्दल जेमतेम हलतं. दिवे बंद करून, पायी चालून वाचवलेलं सगळं एवढ्या व्याजात विरघळून जातं. बचत खात्यात थोडे पैसे पडून असतील तर संकटापुरते ठेवून उरलेल्यातून ही बाकी फेड. खात्यावर मिळणारं व्याज आणि कार्डावर भरावं लागणारं व्याज यांत मोठी तफावत असते. 'बिनव्याजी हप्ता' दिसला तरी प्रक्रिया शुल्क विचार आणि तीच वस्तू रोखीने कितीला मिळते तेही विचार. व्याज बऱ्याचदा तिथे लपलेलं असतं.

विकणारा आपल्याला नेहमी छोटा आकडा दाखवतो. दिवसाला एवढेच, महिन्याला फक्त एवढे. तू त्याला बाराने गुण. महिन्याचे आपोआप कापले जाणारे पैसे, न बघितलेल्या वाहिन्या, न वापरलेला डेटा, एकदा घेतलेलं आणि विसरलेलं सदस्यत्व, असे सगळे आकडे वर्षाचे करून लिहिले की कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा यावर वाद होत नाहीत. एकदा फोन करायचा, एकदा बंद करायचं, आणि त्याची बचत वर्षभर आपोआप होत राहते. मला अशीच काटकसर आवडते. एकदा निर्णय घेतला की रोज मनाला मुरड घालत बसावं लागत नाही.

खाण्यापिण्यावर कात्री लावायची घाई करू नकोस. वहिनींना वाटतंय की किराण्याचा वाटा आपल्याकडे फार मोठा आहे, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय. त्यांना सांग, तसं नाही. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले होते. घराचं उत्पन्न जितकं कमी तितका अन्नाचा वाटा मोठा, असं त्याला दिसलं. तो आजही एंगेलचा नियम म्हणूनच ओळखला जातो. तेव्हा वाटा मोठा दिसतो तो उत्पन्न लहान आहे म्हणून. ताटातलं कमी करण्याआधी फेकलं जाणारं बघा. आठवडाभर जे टाकावं लागलं ते नुसतं लिहून ठेवा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असंही समजू नका. किंमत भागिले वजन करून बघा, कारण कधी कधी किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी केलेलं असतं. आणि मोठं पाकीट संपायच्या आत खराब झालं तर स्वस्ताईचा काही उपयोग नाही.

विजेबद्दल तू विचारलं होतंस. मुलांच्या मागे दिवे बंद करा म्हणून धावू नकोस, त्यातून घरात कटकटच जास्त होते. वीज मुख्यतः जाते ती उष्णतेत: तापवणं आणि गार करणं. 20 लिटरची एक बादली पाणी 30 अंशांनी तापवायला सुमारे 0.7 युनिट लागतं. तेवढ्यात 9 वॅटचा एलईडी दिवा 75 तासांहून जास्त चालतो. म्हणून गीझर, इस्त्री, एसी, फ्रिजचं दार, इकडे लक्ष दे. जुना 60 वॅटचा बल्ब असेल तर तो बदल, त्या कामाला एलईडी साधारण 9 वॅटमध्ये पुरतो. गॅसचंही तसंच. पाणी एकदा उकळलं की आच मोठी ठेवल्याने ते आणखी गरम होत नाही, नुसती वाफ वाढते. आच बारीक करायची आणि झाकण ठेवायचं. कुकरमध्ये दाबामुळे पाणी 120 अंशांच्या जवळपास जाऊन उकळतं, म्हणून तिथे वेळही वाचतो आणि इंधनही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्याकडे येतो. तू लिहिलंस की हल्ली डोकं कशातच लागत नाही, छोट्या छोट्या गोष्टी राहून जातात, चिडचिड होते. हा तुझा आळस नाही. 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तमिळनाडूमधल्या ऊस शेतकऱ्यांच्या हाती वर्षातून एकदाच मोठी रक्कम येते. तोडणीआधी ते तंगीत असतात, तोडणीनंतर हात मोकळा असतो. दोन्ही वेळी त्यांना विचारशक्ती तपासणारी कोडी घातली, तेव्हा तीच माणसं तंगीच्या दिवसांत कमी पडली. त्या निष्कर्षांवर पुढे तज्ज्ञांमध्ये वादही झाले, पण ज्याने ओढगस्तीत घर चालवलंय त्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसतोच. पैशाची चिंता डोक्यात जागा व्यापते. म्हणून रोज शंभर छोटे निर्णय घेऊन काटकसर करायला जाऊ नकोस. वर्षातून एकदा, डोकं शांत असताना ठरवा, एकेका खर्चाचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा, पाकिटांवर नावं लिहा, आणि मग दिवसभर पैशाचा विचार करायचं बंद करा. पाकिटात आहे तोवर खर्चायचं, संपलं की त्या कामाला पुढचा महिना.

दुसरं म्हणजे वहिनींचा वेळ. बहुतेक घरांत काटकसर म्हणजे घरातल्या बाईने आणखी राबायचं, असंच होतं. बाहेरून आणायचं ते घरी करायचं, लांबच्या बाजारात जायचं, शिवायचं, उसवायचं, साठवायचं. कागदावर पैसे वाचलेले दिसतात, तिचे तास मात्र कुठेच लिहिलेले नसतात. तुम्ही दोघं यादी कराल तेव्हा प्रत्येक बचतीपुढे ती कोण करणार हेही लिहा. सगळीकडे एकच नाव आलं, तर ते अंदाजपत्रक मुळातच चुकलेलं आहे.

दोघांनाही थोडे पैसे असे ठेवा की ज्यांचा हिशोब दुसऱ्याने विचारायचा नाही. रक्कम कितीही लहान असो. आणि एक पाकीट मनासाठी ठेवा. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी 1904 मध्ये घरखर्चाची वही प्रचारात आणली, तिला 'काकेइबो' म्हणतात. या पद्धतीत आज जे रकाने करतात त्यांत गरजा, हौस आणि अनपेक्षित खर्च यांच्या जोडीला संस्कृतीचाही एक रकाना असतो, म्हणजे पुस्तकं, संगीत, नाटक असल्या गोष्टींचा. तंगीतल्या घरातही हा रकाना हवाच, असं माझं ठाम मत आहे. तो काढून टाकला की काही महिन्यांनी माणसं एकदम बांध फोडून खर्च करतात.

औषधं, चष्मा, दात, आरोग्य विमा, यांत बचत करू नकोस. आज टाळलेला दात उद्या दुप्पट घेतो. मुलांनाही सांगा, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं. 'परवडत नाही' असं म्हणण्यापेक्षा 'या वर्षी आपण हे ठरवलंय' म्हटलं की त्यांना ते जास्त पटतं. आमच्याकडे तर मुलं यादीतल्या गोष्टी स्वतःहून सुचवू लागली.

एक मात्र लक्षात ठेव. सगळं मांडून, सगळं कापूनही बेरीज 100 च्या, म्हणजे उत्पन्नाच्या वर गेली, तर तो दोष तुझ्या किंवा वहिनींच्या हाताला लावू नकोस. काटकसरीला तळ असतो. त्याच्याखाली गेलं की फक्त शरीर झिजतं आणि नाती ताणली जातात. तसं झालं तर मग प्रश्न उत्पन्नाचा किंवा घरभाड्याचा आहे, आणि आपण त्यावर बोलू. लहान घर, आणखी एखादं काम, वहिनींचं अर्धवट राहिलेलं शिक्षण, यातलं काय शक्य आहे ते बघू. हे मला सांगताना संकोच करू नकोस.

तूर्त एवढंच कर: बारा रकान्यांचा कागद तयार झाला की त्याचा फोटो मला पाठव. आम्ही दोघं तो नीट बघतो. काय राहून गेलंय हे तिऱ्हाइताला पटकन दिसतं. आणि कार्डाची नेमकी बाकी आणि व्याजदरही लिही, म्हणजे ती किती महिन्यांत संपवता येईल याचं गणित मी मांडून पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
मित्र