भाताच्या डोंगरावरची भेंडीची चांदणी : अंगणवाडीताईंना आभारपत्र

आदरणीय अंगणवाडीताई यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी नात गेल्या जूनपासून आपल्या अंगणवाडीत येते. तिचे आईवडील नोकरीनिमित्त पुण्यात असल्याने तिच्या खाण्यापिण्याची जबाबदारी आम्हा आजी-आजोबांवर आहे, आणि आपल्याकडे येण्यापूर्वी वरणभात, बटाटा व बिस्किटे यांपलीकडे तिच्या पोटात फारसे काही जात नव्हते, हे आपण जाणताच. आज ती दोडक्याची भाजी मागून घेते. याचे आभार तोंडी मानले तर दोन वाक्यांत उरकतील, म्हणून सर्वांना वाचता येईल असे हे पत्र लिहीत आहे.

घरी आम्ही नाना उपाय करून पाहिले. गोष्टी सांगितल्या, रागावलो, घासामागे चॉकलेटचे आमिष दाखवले. तिच्या आजीने पालक बारीक चिरून पराठ्याच्या कणकेत मिसळला. पण एके दिवशी त्यातला हिरवा तुकडा नातीच्या नजरेस पडला आणि तिने पराठाही सोडला. लपवून खाऊ घातले की भाजीची ओळख तर होत नाहीच, वर खाऊ घालणाऱ्यावरचा विश्वासही जातो. दोन ते सहा वर्षांच्या मुलाने अनोळखी पदार्थ नाकारणे हा वाढीतला नेहमीचा टप्पा असतो आणि एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावी लागते, हे आपण पालकसभेत समजावून सांगितलेत. आम्ही तिसऱ्याच दिवशी हात टेकत होतो.

मुलांना ताटात भाज्यांची चित्रे मांडू देण्याची आपली पद्धत मला सुरुवातीस पटली नव्हती. अन्न हे पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरात मी वाढलो. ताटातल्या अन्नाशी खेळायचे नाही, हा आईचा दंडक होता. त्यामुळे सप्टेंबरातल्या पोषण महिन्यात मी एका सकाळी अंगणवाडीत येऊन बसलो, तो मनात थोडी नाराजी धरूनच.

आपण एक कोवळी भेंडी आडवी कापून तिची चकती नातीच्या तळहातावर ठेवलीत आणि कप्पे मोजायला सांगितलेत. तिने एकेका बीवर बोट टेकवत मोजले, पाच भरले. शेजारच्या मुलाच्या चकतीत सहा निघाले, तेव्हा सगळ्या मुलांनी आपापल्या चकत्या पुन्हा मोजल्या. एरवी टाकून दिली जाणारी देठाकडची टोके आपण बिटाच्या रसात बुडवून ठसे उमटवायला दिलीत आणि बाकीच्या चकत्यांची मदतनीस ताईंनी लगेच परतून भाजी केली. जेवणाच्या वेळी भाताच्या मुदीचा डोंगर झाला, वरणाची नदी झाली, वाफवलेल्या गाजराच्या पट्ट्यांची सूर्यकिरणे झाली आणि कोथिंबिरीची झाडे उभी राहिली. भेंडीच्या चांदण्या कुठे लावायच्या, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. नातीने एक चांदणी डोंगराच्या माथ्यावर ठेवली, बराच वेळ तिच्याकडे पाहिले आणि मग ती खाल्ली. 'खा' असे तिला कोणीही म्हटले नव्हते.

त्या ताटात एक शीतही उरले नाही. मला माझ्या आईने वाढलेले ताट आठवले : वर मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद आणि सणावाराला भोवती रांगोळीची महिरप. अन्न आधी डोळ्यांना आवडावे, ही आपलीच रीत आहे. आपण ती मुलांच्या हाती दिलीत. मोठ्यांनी तासभर खपून काकडीची मगर केली, तर मूल ती कौतुकाने पाहते आणि तशीच ठेवते, असा आमचा घरचा अनुभव आहे. स्वतःच्या हाताने लावलेली ओबडधोबड चांदणी मात्र ते खाते. घशात अडकू नये म्हणून आपण गाजर कच्चे न देता वाफवून लांबट चिरता आणि सजावटीला टोचायच्या काड्या वापरत नाही, हेही मी त्या दिवशी पाहिले व घरी तसेच सुरू केले.

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात, ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या पूरक पोषण आहारात बालकामागे दिवसाला उष्मांक आणि प्रथिनांचे प्रमाण ठरलेले आहे. वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरण, गृहभेटी आणि मोबाइलवर भरायची माहिती एवढे सांभाळून आपण ते प्रमाण ताटात वाढले असते, तरी आपल्याला कोणी बोल लावला नसता. मुलाने ते खाल्ले का, हे पाहायला आपण रोज त्यांच्या पंगतीत बसता. यासाठी मी आपला, आणि पहाटेपासून भाज्या निवडणाऱ्या मदतनीस ताईंचाही, मनापासून ऋणी आहे.

दोन ते पाच वर्षांच्या मुलांनी रोज किमान २५० ग्रॅम भाज्या-फळे खावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमची नात अजून तेथवर पोहोचलेली नाही. कारले तर ती नुसते हातात धरून त्याचे खवले मोजते. आम्ही थांबायला तयार आहोत.

सोबत आमच्या परसातले चार दोडके पाठवत आहे. त्यांतला एक तिने काल आजीकडून कापून घेतला आणि त्याची चकती दातेरी चाकासारखी दिसते, असे तिने ठरवले आहे. ही चाके कोणत्या गाडीला लावायची, ते उद्या ती आपल्याला विचारणार आहे.

आपला कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीचे आजोबा