ग्रंथपाल ताई, त्या 18 सेंटीमीटरसाठी थँक्यू

ताई, नमस्कार.

तुम्ही माझ्या आज्जीच्या वडिलांचं हरवलेलं पुस्तक शोधून दिलंत, त्यासाठी फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "अहो त्यात काय, कामच आहे माझं" म्हणून विषय बदललात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. चार दिवस झाले तरी लिहायला बसलं की डोळे भरून येतात, वाक्यं इकडची तिकडे झाली तर समजून घ्या.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडं आधीचं सांगते. माझी आज्जी 89 वर्षांची आहे. तिचे वडील शाळामास्तर होते, त्यांनी पदरचे पैसे घालून संतांच्या चरित्रांचं एक छोटंसं पुस्तक छापलं होतं. ते गेले तेव्हा आज्जी नऊ वर्षांची होती. त्यांचा एकही फोटो नाही आमच्याकडे. पुस्तकाच्या उरलेल्या प्रती तिच्या माहेरी नारायण पेठेत ट्रंकेत होत्या आणि 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा घरात पाणी शिरलं आणि त्या ट्रंकेसकट सगळं गेलं. तेव्हापासून 'बाबांचं पुस्तक' एवढंच उरलं. आता आज्जीची नजर गेल्यात जमा आहे आणि या दिवाळीत ती म्हणाली, एकदा कुणीतरी मला ते वाचून दाखवा गं.

तुमच्याआधी मी तीन ठिकाणी गेले होते. एका मोठ्या लायब्ररीत काउंटरवरच्या माणसाने आम्ही सांगितलं ते नाव टाइप केलं, एंटर मारला, 'नो रेकॉर्ड्स' आलं, "नाहीये" म्हणाला आणि परत मोबाइलमध्ये बघायला लागला. वीस सेकंदसुद्धा झाले नसतील. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, "लेखक फेमस आहेत का?" तिसऱ्यांना दोन ईमेल केले, उत्तरच नाही. त्या मोठ्या लायब्ररीच्या भिंतीवर डॉ. रंगनाथनांचा फोटो होता, ज्यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, आणि त्याच फोटोखाली माझ्या आज्जीच्या वडिलांना 'नाहीये' म्हणून परत पाठवणारी माणसं बसलेली असतात याचा मला अजून राग येतो, आणि तो मी गिळणार नाही.

मग कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं वाचनालय, दोन खोल्या आणि एक जुना कॉम्प्युटर, खरं सांगते मी काही आशा ठेवून आले नव्हते. तुम्ही पुस्तकाचं नाव विचारलंच नाही आधी, विचारलंत, "आज्जींना त्यातलं काय काय आठवतं?" आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून खुर्ची पुढे ओढलीत.

आज्जी कायम म्हणायची की ते साठ सालचं पुस्तक आहे. आम्ही म्हणायचो तिचा गोंधळ होतोय, कारण पणजोबा 1945 लाच गेले, मग 1960 ला पुस्तक कसं निघेल. तुम्ही ऐकलंत आणि लगेच म्हणालात, "शके असेल हो, शके 1860, म्हणजे 1938-39." इतकी वर्षं आज्जी बरोबर होती आणि आम्ही तिला चूक ठरवत होतो! मग तुम्ही म्हणालात घरात म्हणतात ते नाव आणि छापलेलं नाव वेगळं असू शकतं, आणि 1962 च्या आधीचं शुद्धलेखन वेगळं, तेव्हा 'कांहीं' वर दोन-दोन अनुस्वार असायचे, आपण 'काही' टाकलं तर मशीनला ते पुस्तक सापडेलच असं नाही. आणि परदेशातल्या लायब्रऱ्या मराठी नावं रोमन अक्षरांत त्यांच्या पद्धतीने लिहितात, 'चरित्र' मधला च नुसत्या सी ने, आपण लिहितो तसा सी एच ने नाही, आणि विश्वकोश असेल तर शेवटी एक ए जास्तीचा. मी घरी सी एच टाकून टाकून थकले होते. तुम्ही एकेक स्पेलिंग बदलत होतात, कधी नुसतं आडनाव, कधी नुसतं पुणे आणि साल, आणि दर वेळी काही आलं नाही की "थांबा, अजून एक बघू" म्हणत होतात. वर्ल्डकॅटवर, म्हणजे जगभरच्या लायब्रऱ्यांच्या एकत्र ऑनलाइन यादीत, जेव्हा ती एक ओळ आली तेव्हा आपण दोघी काही बोललोच नाही. नाव वेगळंच होतं, पण लेखक तेच.

पुस्तक सातासमुद्रापार एका विद्यापीठात होतं. मी हिरमुसले. तुम्ही म्हणालात, "आज्जी घरी आहेत ना? फोन लावा."

ताई, माझं हे सगळं पत्र त्या पाच मिनिटांसाठी आहे. तुम्ही फोन घेऊन आज्जीला ती नोंद एखादं पत्र वाचावं तशी वाचून दाखवलीत. पुस्तकाचं नाव, मग वडिलांचं पूर्ण नाव, पुणे, शके 1860, 64 पानं. मी असते तर तिथेच थांबले असते. तुम्ही पुढचंही वाचलंत, पुस्तकाची उंची, "18 सेंटीमीटर." आज्जीने विचारलं, 18 सेंटीमीटर म्हणजे केवढं गं? तुम्ही ड्रॉवरमधून फूटपट्टी काढलीत, तिच्यावर आपला पंजा पसरून बघितलात आणि म्हणालात, "आज्जी, आपली वीत असते ना, तेवढं." घरी आज्जीने मांडीवर वीत पसरून बघितली, आई समोरच होती. आणि मग ती म्हणाली, "हो, त्यांच्या कोटाच्या खिशात मावायचं ते."

ते कोट घालायचे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. फोटो नसलेल्या माणसाबद्दल कळलेली ती पहिली गोष्ट. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, समोर तीन मेंबर पुस्तकं बदलायला उभे होते, तरी तुम्ही फोन ठेवला नाहीत, नुसतं "मी आहे हं आज्जी" म्हणालात.

पुढचं सगळं तुम्हीच केलंत. नेमकं नाव आणि साल हातात आल्यावर तुम्ही ओळखीच्या ग्रंथपालांना फोन करत सुटलात आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयात, ज्यांची यादी अजून वहीतच आहे, ऑनलाइन नाही, तिथे एक प्रत निघाली. तिथल्या दादांनी 64 पानांचे मोबाइलवर फोटो काढून पाठवले, त्यांचेही मनापासून आभार.

तुमच्यासारख्यांना मानधन किती मिळतं आणि अनुदान कधी येतं हे मला आता माहितीये. तुम्ही पण वीस सेकंदांत "नाहीये" म्हणू शकला असतात, कुणी काही बोललं नसतं, मी पण नसते बोलले. अशी माणसं असतात म्हणून आपल्यासारख्यांचं चालतं हो, कुठे एस्टीत, कुठे सरकारी दवाखान्यात, कुठे दोन खोल्यांच्या वाचनालयात, समोरच्याचं काम स्वतःचं समजून करणारी, आणि त्यांचे फोटो कुठल्याच भिंतीवर नसतात.

आज्जीला रोज संध्याकाळी दोन पानं वाचून दाखवते, ती जास्त वाचू देत नाही, संपेल म्हणते. काल चोखोबांचं चरित्र झालं, मधली एक ओळ तिने माझ्याआधी म्हटली.

पुस्तकाची एक बाइंड केलेली प्रत तुमच्या वाचनालयासाठी पाठवतेय. पहिल्या पानावर आज्जीने माहेरच्या नावाने सही केलीये, अक्षर जरा हललंय. एकच विनंती आहे, तुमच्या कॅटलॉगमध्ये टाकाल तेव्हा छापलेल्या नावाखाली आमच्या घरातलं नाव पण टाका, 'बाबांचं पुस्तक'.

तुमची,
आज्जीची नात