दत्ता, बाराशे हा आकडा तुझा नाही

पुणे

प्रिय दत्ता,

परवा वहिनींनी फोनवर सांगितलं, ऑफिसचा जिना चढताना तुला घेरी आली. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखव. बाराशे कॅलरींचा तक्ता कुणी दिला ते मी विचारत नाही. पण तो तुझ्या अंगाचा नाही, हे कागद-पेन्सिल घेऊन बघ.

वजन ७८ किलो, गुणिले १०, झाले ७८०. उंची १६८ सेंटीमीटर, गुणिले ६.२५, झाले १०५०. बेरीज १८३०. त्यातून वयाची पाचपट, म्हणजे २३० वजा, आणि पुरुषासाठी ५ अधिक. आले १६०५. (वहिनींचं काढायचं तर शेवटी ५ मिळवायचे नाहीत, १६१ वजा करायचे.) हे १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र. दिवसभर नुसता पडून राहिलास तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांना साधारण एवढं लागतं. आणि तू बाराशेवर नोकरी करतोयस!

पुढे हालचालीचा गुणक. बैठ्या माणसाला १.२, हलक्या हालचालीला १.३७५, मध्यमला १.५५. फसायला होतं ते इथेच. कंबर तलावाला चाळीस मिनिटं चालतोस म्हणून स्वतःला मध्यममध्ये बसवू नकोस. त्यात दीडशेच्या आसपास कॅलरी जातात, मग आठ तास खुर्चीच. १.५५ ने २४८८ येतात, १.२ ने १९२६. साडेपाचशेचा फरक, म्हणजे तीन भाकऱ्या! मी तुझे २००० धरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ६५ किलोच्या बैठ्या पुरुषाला २११० धरलेत, म्हणजे आपण फार लांब नाही. त्यातून ४०० कमी कर. सध्या १६०० वर राहा, स्वतःहून खाली जाऊ नकोस.

आता ताटाकडे ये. तू भाकरी सोडलीस हे ऐकून फार वाईट वाटलं. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी साधारण १७० कॅलरींची. तू दिलेली शेंगाचटणी मी काट्यावर ठेवली. तू ताटात जेवढी वाढून घेतोस तेवढी ३० ग्रॅम भरली, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच कॅलरी, आणि वर तेल ओततोस ते वेगळंच. चटणी सोड असं नाही म्हणत, चमच्याने घे. तेलाचा हिशेब तर पळीने लागतच नाही, महिन्याच्या पिशव्या मोजाव्या लागतात. आमच्याकडे चौघांत तीन लिटर संपतं. ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या की माणशी रोज दोनशेच्या वर जातं. हे कळल्यावर आमच्या फोडणीची पळी बदलली.

एक मात्र धरून ठेव, १६०० हा पहिला अंदाज आहे. सूत्र सरासरी माणसाचं, तू एकटा. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी वजन कर, लिहून ठेव आणि आठवड्याची सरासरी काढ. एका दिवसाचं वजन पाण्या-मिठाने किलोभर हलतं, त्यावर रागावू नकोस. तीन आठवड्यांत सरासरी आठवड्याला तीन-चारशे ग्रॅमने उतरत असेल तर आकडा बरोबर. जागची हललीच नाही तर दीडशे कमी करू, फार भराभर उतरली तर वाढवू.

पुढच्या रविवारी मी सोलापूरला येतोय, स्वयंपाकघरातला काटा घेऊन. तोवर तो तक्ता फ्रिजवरून काढ, आणि आज रात्री भाकरी खा.

तुझाच,
अन्या