सील काढायची घाई नको

प्रिय शेखर,

चाकाखाली पाय येऊन कातडी सोलवटली आहे, घोट्याशी टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) उघडं पडलंय, अशा मुलाला बीटीएम (जखमेवर लावायचा कृत्रिम त्वचेचा तात्पुरता सांगाडा) लावू का, असं तू विचारलंस. लाव. पण ते लावलं म्हणजे त्वचा आली असं समजू नकोस. ते 2 मिमी जाडीचं पॉलियुरेथेनचं फोम, वर पारदर्शक सील. फोममध्ये रक्तवाहिन्या शिरतात, सील ओलावा राखतं. इंटेग्रा या दुसऱ्या कृत्रिम त्वचेत गाईचं कोलॅजन असतं; यात प्राणिज काहीच नाही, म्हणून संसर्ग झाला तरी हे जास्त तग धरतं.

खरी मेहनत आधीच्या डिब्राइडमेंटची, म्हणजे मेलेला भाग कापून काढण्याची. मेलेलं काही मागे ठेवलंस तर फोम तिथे धरणारच नाही. रक्तस्राव पूर्ण थांबव, कारण खाली रक्त साचलं की फोम जखमेपासून उचललं जातं. जखमेच्या मापाचंच काप, कडेला फट नको आणि चांगल्या कातडीवर चढायलाही नको. छिद्रं नसलेला तुकडा असेल तर पाझर बाहेर यावा म्हणून बारीक चिरा दे. मुलांत मी विरघळणारे टाके पसंत करतो. स्टेपल काढताना पोरं आकांत करतात. घोटा स्प्लिंटमध्ये 90 अंशांवर. पाझर ओढून घेणारं व्हॅक्यूम लावलंस तर लहानग्यांत 50 ते 75 मिमी पाऱ्याएवढा दाब पुरे.

आता थांबायचं. ड्रेसिंग बदलताना सीलवरून बोटाने दाब: जागा पांढरी पडून सोडताच परत गुलाबी झाली, तर आत रक्त पोचलंय. सील काढण्याआधी साधारण तीन आठवडे. उघड्या टेंडनवर त्याहून जास्त. घाई केलीस तर सीलबरोबर फोमही सुटून येतं.

मध्येच सीलखाली पू दिसला तर सगळं उपटू नकोस. तेवढ्या जागी खिडकी काप, धू, नमुना कल्चरला पाठव. बाकीचं बहुधा वाचतं.

सील काढल्यावर पृष्ठभाग टिपक्याटिपक्यांनी रक्त येईपर्यंत खरवड, मग 0.2 मिमीच्या आसपासचा पातळ ग्राफ्ट, म्हणजे त्याच्याच अंगावरून घेतलेला कातडीचा थर. मुलांची कातडी मुळातच पातळ, म्हणून जाड ग्राफ्ट घ्यायचा मोह आवर. डोक्यावरून घे: मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, जखम आठवड्या-दीड आठवड्यात भरते, केस आले की व्रण झाकला जातो. मात्र खोल गेलास तर केसांची मुळं पावलावर येतील.

आईबापांना आधीच सांगून ठेव की ही दोन शस्त्रक्रियांची वाट आहे आणि त्यापुढे प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब ठेवणारा घट्ट कपडा) आहे. पाय वाढतो, व्रण तेवढा ताणत नाही. त्यामुळे दर काही महिन्यांनी माप नव्याने घ्यावं लागेल आणि घोटा किती वाकतो ते वाढ पुरी होईपर्यंत मोजत राहावं लागेल.

पुढच्या ड्रेसिंगचा फोटो पाठव, सीलवर प्रकाश चमकणार नाही असा.

तुझा,
विनय