कपॅसिटर एचपी विचारून देऊ नका, घेऊही नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या सांवेर रोड, पालदा, पोलोग्राउंड भागातल्या छोट्या कारखानदाराच्या वीजबिलात पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खऱ्या कामाला लागणारा वाटा) कमी म्हणून अधिभार लागला की तो मोटरला चुंबकत्वाचा करंट जागेवरच पुरवणारा कपॅसिटर आणायला जातो. दुकानात पहिला प्रश्न, 'मोटर किती एचपीची?' दहा म्हटलं की पाच केव्हीएआरचा (केव्हीएआर म्हणजे कपॅसिटरच्या ताकदीचं माप) डबा पुढ्यात. हा निम्म्याचा हिशेब तोंडपाठ ठेवायला सोपा, पण मोटरला महाग पडतो.

मोटरच्या टर्मिनलवरच जोडायचा कपॅसिटर तिच्या नो-लोड करंटवरून, म्हणजे मोटर रिकामी फिरताना घेते त्या करंटवरून, ठरवावा. पट्टा उतरवून मोटर रिकामी फिरवा आणि टाँग टेस्टरने (तारेभोवती अडकवायच्या चिमट्याच्या मीटरने) तिन्ही फेजचा करंट मोजा. समजा त्या दहा एचपीच्या मोटरला ४१५ व्होल्टवर सरासरी ६ अँपिअर आले. १.७३२ × ४१५ × ६, म्हणजे सुमारे ४.३ केव्हीए (हजार व्होल्ट-अँपिअर). हा जवळजवळ सगळा चुंबकत्वाचा करंट. त्याचे ९० टक्के, म्हणजे ३.९ केव्हीएआर, ही कपॅसिटरची हद्द. आता डब्यावर छापलेला आकडा बहुधा ४४० व्होल्टचा असतो, आणि व्होल्टेज उतरलं की केव्हीएआर वर्गाच्या प्रमाणात उतरतो. ४१५ वर चारचा डबा ३.५६ देतो, पाचचा ४.४५. चार बसतो, पाच नुसती हद्दच नाही, मोटरची चुंबकत्वाची पूर्ण गरजही ओलांडतो.

बरं, पाचाने कमावलं काय? कार्यक्षमता ८८ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.८२ धरला तर पूर्ण लोडवर चारने तो ०.९६ होतो, पाचने ०.९८. एवढ्यासाठी केवढा धोका! डाळ मिलचा ब्लोअर किंवा जड चाकाचं यंत्र बटण बंद केल्यावरही फिरत राहतं. तेव्हा कपॅसिटर मोटरला चुंबकत्व पुरवतो, मोटर जनरेटर होते आणि टर्मिनलवर व्होल्टेज टिकतं, कधी वाढतंही. लाइन गेली म्हणून हात घालणाऱ्याला झटका बसतो. तेवढ्यात लाइन परत आली तर शाफ्टची चावी (पुली शाफ्टला पक्की धरणारी पट्टी) कापली जाऊ शकते.

मोटर रिवाइंड केलेली, म्हणजे वेढे नव्याने भरलेली, असेल तर एचपीवरून कपॅसिटर सांगणाऱ्या छापील कोष्टकावर मुळीच विसंबू नका. वेढे कमी भरले किंवा रोटर (आतला फिरणारा भाग) खरादून त्याच्याभोवतीची फट, एअर गॅप, वाढली की नो-लोड करंट वाढतो. कमी आरपीएमच्या मोटरलाही त्याच एचपीत जास्त कपॅसिटर लागतो. मोजल्याशिवाय हे कळत नाही.

जोडणीत हमखास होणारी चूक ओव्हरलोड रिलेची, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या यंत्रणेची. कपॅसिटर रिलेच्या पुढे, मोटरच्या बाजूला लावला, की वरच्या मोटरचा पूर्ण लोडवर रिलेतून जाणारा करंट १४.४ वरून १२.३ अँपिअरवर येतो. सेटिंग १४.४ वरच ठेवलं तर वाइंडिंग तापेल आणि रिले शांत बसेल. एक तर सेटिंग उतरवा, नाही तर कपॅसिटर कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) आणि रिले यांच्या मध्ये जोडा. स्टार-डेल्टा स्टार्टरला (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणाऱ्या) कपॅसिटरसाठी वेगळा कॉन्टॅक्टर हवा, डेल्टा लागल्यानंतर ओढणारा. ड्राइव्हच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या) आउटपुटला तर कपॅसिटर कधीच नको, ड्राइव्हच जळेल.

आणि एकदा लावला म्हणजे झालं, असं नाही. आतली फिल्म हळूहळू जिरते, डबा बाहेरून नवाच दिसतो. ४१५ व्होल्टवर चारच्या डब्याने प्रत्येक फेजला ५ अँपिअरच्या आसपास घ्यायला हवेत. एखाद्या फेजला तीनच दिसले किंवा डबा फुगला, तर बदला. उघडण्याआधी सप्लाय बंद करून पाच मिनिटं थांबा आणि मीटरने टर्मिनल तपासा, कारण डब्यातला उरलेला चार्ज उतरवणारा डिस्चार्ज रेझिस्टर तुटलेला असू शकतो.

आपला,
एक मोटर वाइंडर
सांवेर रोड, इंदूर