रंग सामान्य, वास सामान्य

प्रिय मधू,

दिवाळीत तुझं पत्र आलं, होळी होऊन गेली, आणि मी आत्ता लिहायला बसतोय. रागावला असशील, हक्क आहे तुझा. तब्येत बरी आहे, आईचा गुडघा दुखतो तेवढंच. लिहितोय ते आपल्या डोहाबद्दल. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणेल, पाणीच तर आहे.

महिन्यातून एकदा मी तापीचे नमुने घेतो. गाडी डोहावर पोचते अकराच्या सुमारास. दोन वर्षं विरघळलेला ऑक्सिजन लिटरला आठ-नऊ मिलिग्रॅम येतोय. आंघोळीच्या पाण्याला पाच चालतो, म्हणून मी निर्धास्त. गेल्या खेपेला तात्या भोई काठावर जाळं पिळत होते. म्हणाले, "साहेब, तुमना कागदमा नदीना वास येस का?"

मधू, माझ्या कागदावर 'रंग' आणि 'वास' असे दोन रकाने आहेत. दोन्हीत मी दर महिन्याला 'सामान्य' लिहीत आलोय. पाण्याकडे नीट न बघता. ज्या डोहात आपण पोहायला शिकलो, त्याच्याकडे.

तात्या म्हणाले, पहाटे या. गेलो. काय पहाट होती रे! पाणी आरशासारखं, वर गुलाबी आभाळ, काठाने जलपर्णीची जांभळी फुलं. एक तोडून पाहिलं. वरच्या पाकळीवर मोराच्या पिसावरच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. मन भरून आलं, तुझी आठवण झाली. मग तात्यांनी बोट दाखवलं. मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडून हवा गिळत होते.

मी बाटली बुडवून भरली, बुडबुडा राहू दिला नाही. मँगनस सल्फेट घातलं, मग अल्कली आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असला की बाटलीत जमणारा साका तपकिरी होतो, हे तुला कॉलेजात दाखवलं होतं, तू जांभई दिली होतीस. या वेळी साका पांढराच राहिला, दुधासारखा. पांढऱ्या रंगाची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

कारण साधं आहे. वरून सांडपाणी येतं, शेतांतलं खत उतरतं, त्यावर जलपर्णी आणि शेवाळ माजतं. शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं. उजाडायच्या आत पाणी रिकामं होतं. अकराची बाटली अकराचंच सांगते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण गाडीची वेळ अकराची होती.

आता आपलं जुनं भांडण. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिराच्या आवारात तू मला तुझा तो जर्मन तत्त्वज्ञ कांट ऐकवायचास, सौंदर्यावरचं त्याचं १७९०चं पुस्तक. सुंदर म्हणायला ती वस्तू काय आहे, कशाच्या उपयोगाची आहे, हे कळावं लागत नाही. मी म्हणायचो, नदीचं काय ते आकड्यात सांग. मग चिडून तू माझ्या वाट्याची शेवभाजी संपवायचास आणि त्यालाही निरपेक्ष आनंद म्हणायचास! त्या पहाटे तुझंही खरं वाटलं आणि मला राग आला. बाटली हातात येईपर्यंत तो डोह सुंदरच होता. साका पाहिल्यावर तीच फुलं मला बघवेनात. मग आधीचं सुंदर खोटं होतं का? सांग ना. रोज तिथे पोरं फोटो काढतात, फुलं आली म्हणून खूश होतात.

तात्यांना मात्र ती फुलं कधीच आवडली नाहीत. त्यांची सुंदर नदी म्हणजे तळाची वाळू दिसणारी. श्रावणातला तांबडा लोंढाही त्यांना आवडतो, आपल्याला तो गढूळ वाटतो. त्यांच्या नजरेत मासा आहे, जाळं आहे, वास आहे. ती नजर मापक यंत्राच्या दोन वर्षं पुढे होती. मला वाटतं, पाण्याची तपासणी तिथूनच सुरू व्हायला हवी. आवडणं किंवा न आवडणं ही पहिली नोंद. तू याला तत्त्वज्ञान म्हणशील की नाही, माहीत नाही, पण मी यापुढे मागे हटणार नाही.

या महिन्याच्या कागदावर मी लिहिलं: रंग हिरवा, वास कुजका, वेळ पहाटे साडेपाच. वरून विचारणा झाली, वेळ का बदलली, नेहमीसारखं का लिहिलं नाही. पुढच्या महिन्यात तो कागद माझ्याकडे राहील की नाही, याचीच काळजी आहे. रात्री झोप येत नाही. पहाटेचे आकडे मी वहीत वेगळे लिहून ठेवतोय.

नवी नोकरी धरलीस ते बरं केलंस. सोनूची बारावी झाली का? वहिनींना नमस्कार. आईने कळण्याचं पीठ काढून ठेवलंय, ठेचा तू कर.

अक्षय तृतीयेला ये, आखाजीचे झोके बघायला नव्हे. रात्री गजर लावून झोप, पाचला निघायचंय.

तुझा,
बाळू