देवता बनावट, विधी खरा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत ‘द क्राफ्ट’ (१९९६) या भयपटावर आलेला लेख वाचला. लॉस एंजेलिसच्या कॅथलिक शाळेत वाळीत पडल्यासारख्या राहणाऱ्या चार मुली लेखकाने चांगल्या उभ्या केल्या आहेत. मात्र ‘मॅनॉन ही प्राचीन देवता खरी, मंत्रतंत्र तेवढे पटकथेत रचलेले’ हे विधान नेमके उलटे आहे.

मॅनॉन चित्रपटासाठी रचलेला. विधी मात्र बऱ्याच अंशी विक्का या आधुनिक चेटूकविद्येच्या पंथातले आहेत. हा पंथ जेराल्ड गार्डनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये पुढे आणला. चित्रपटाच्या सल्लागार पॅट डेव्हिन याच पंथातल्या. रिंगणात शिरणाऱ्या मुलीच्या छातीला सुरीचे टोक लावून ‘कशी येतेस?’ विचारतात आणि ती ‘पूर्ण प्रेमाने, पूर्ण विश्वासाने’ म्हणते, हा प्रसंग गार्डनरी दीक्षाविधीवर बेतलेला आहे. समुद्रकिनाऱ्यावरचे दिशांचे आवाहनही तसेच: पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. आपल्याकडचा दक्षिणेचा यम इथे शोधू नये!

दुसऱ्याला धाडाल ते तिपटीने परत येते, हा नियमही विक्कातलाच, आणि कथेचा सगळा उत्तरार्ध त्यावर चालतो. चौघींपैकी सारा फोटोभोवती फीत गुंडाळून मैत्रीण नॅन्सीला ‘बांधते’, तो तोडगा फसतो. शेवटी नॅन्सी मनोरुग्णालयात खाटेला पट्ट्यांनी बांधलेली दिसते. लेखात या प्रसंगाला एक ओळही मिळू नये, याचे नवल वाटले.

आता चित्रपटातल्या हवेत तरंगण्याविषयी. एकीला आडवे झोपवून बाकीच्यांनी मंत्र म्हणत नुसत्या बोटांनी उचलायचे, हा ‘पिसासारखी हलकी, फळीसारखी ताठ’ खेळ लेखात सैतानी ठरवला आहे. तो चित्रपटाच्या कितीतरी आधीचा आहे. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात चार लहान मुलींनी मंत्र पुटपुटत, एकेक बोट लावून एका मुलाला उचलल्याची ऐकीव हकीकत इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स यांच्या १६६५च्या रोजनिशीत आहे. हकीकत सांगणाऱ्याला शंका आली, म्हणून त्याने मग धिप्पाड स्वयंपाक्याला आडवे झोपवले, तर तोही उचलला गेला.

यामागे साधा हिशेब आहे. मुलगी ४८ किलोची आणि उचलणाऱ्या चौघी असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला १२ किलो, म्हणजे हाताला सहा. दोन-दोन बोटांवर एवढे वजन क्षणभर पेलते. पहिला प्रयत्न फसतो, कारण चौघींचे हात मागेपुढे उठतात आणि सगळा भार एकीदोघींवर येतो. मंत्र चार-सहा वेळा म्हटला की ताल जुळतो आणि हात एकदम उठतात. ओझे ओढणारे हमाल ‘हैय्या’ म्हणतात ते याचसाठी. झोपलेलीने अंग सैल सोडले तर कंबर खाली लोंबते आणि खेळ फसतो, म्हणून ‘फळीसारखी ताठ’. बोटे काढल्यावरही चौघींपैकी रोशेल वर राहते, तेवढा भाग सिनेमाचा.

धोका आहे तो पडण्याचा. हसू फुटून एकीने बोटे काढली की तिच्या बाजूचे अंग खाली येते, आणि डोक्याकडची असेल तर आधी डोके आपटते. म्हणून खांद्यांखाली दोघी हव्यात, फरशीवर गादी हवी आणि गुडघ्याच्या वर उचलू नये. लेखासोबतच्या पालकांसाठीच्या चौकटीत सैतानाऐवजी हे छापले असते तर बरे झाले असते. मॅनॉनबाबतची दुरुस्ती मात्र येत्या रविवारी जरूर द्यावी.

आपला,
एक वाचक, पुणे